बरणी आणि माशाचा डोळा

चिएनवेई, १२ मार्च १९८४

चि. सूचिन हिस बापाचे अनेक आशीर्वाद. पुढे थोडी कानउघाडणी आहे, तीही आशीर्वादातच धरावी.

इकडे सर्व क्षेम. ऊन चढू लागल्याने मिरचीच्या चटणीच्या रांजणांची झाकणं दिवसा काढतो आणि रात्री दव खायला तशीच ठेवतो. आभाळ भरून आलं की मी झाकणं घेऊन धावत सुटतो. तुझी आई म्हणते, पोरीला गोवर आला तेव्हा हा माणूस इतका धावला नव्हता.

चहाच्या दुकानात मी तोंडापेक्षा कान जास्त वापरतो, हे तुला ठाऊक आहे. परवा मागच्या बाकावर बसवाले पंगकाका सांगत होते की यानच्या पोरीला डोळ्यावर पुन्हा रांजणवाडी झाली, आणि वसतिगृहातल्या मुली तिला विचारतात, बाई गं, न्हाणीघराच्या फटीतून कुणाला पाहिलंस? बघू नये ते बघितलं की ती होते, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. सगळं दुकान हसलं. मीही हसलो, कारण मी गप्प बसलो असतो तर ते आणखी हसले असते. मग पंगकाकांना बाजूला घेऊन बाकीचं काढून घेतलं. तुझ्या पत्रात मात्र सर्व ठीक असतं.

तुझी आजी म्हणायची, ज्या डोळ्याला झाली असेल त्याच्या उलट्या हाताच्या मधल्या बोटाला लाल दोरा बांधावा. बांध. फोड पिळू मात्र नकोस. आणि खरं औषध म्हणजे ताकद. खानावळीच्या पाणचट भाजीवर भरतकाम करणारीचे डोळे कसे चालतील? पंगकाकांबरोबर या खेपेला मोठी बरणी पाठवतो आहे, तीन वर्षं मुरलेल्या रांजणातली. हा माल मी गिऱ्हाइकाला दाखवतो, विकत नाही. सोबत मिरचीत मुरवून धुरी दिलेलं मांस आहे. बरणी रिकामी परत आली की मला कळतं, पोर जेवते आहे.

तुझ्या आईचे आशीर्वाद याच पाकिटात कोंबले आहेत.
तुझा बाबा

छंगदू, १८ मार्च १९८४

ती. बाबांस शि. सा. न. हे पत्र एका डोळ्याने लिहीत आहे. ओळी तिरप्या गेल्या तर क्षमा असावी.

लपवलं हे खरं. नववर्षापासून ही तिसरी. एक बसते न बसते तोच शेजारी दुसरी उठते. डाव्या वरच्या पापणीवर आधी खाज, मग मोहरीएवढा ठणका, मग पापणी इतकी जड की सुईचं टोक दोन ठिकाणी दिसतं.

आता पंगकाकांना माहीत नसलेली गोष्ट सांगते. आमच्या भरतकामाच्या मागावर लाल माशांचा पडदा चालू आहे. कापड इतकं पातळ की पलीकडचा माणूस दिसतो, आणि मासा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला पाहिजे, कुठेही गाठ दिसता कामा नये. शेवटी उरतो माशाचा डोळा. तो आमच्या मुख्य शिक्षिका चूबाई कोणा एकीलाच देतात, आणि जिला देतात ती कायमची मागावर बसते. परवा त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, जिला स्वतःचा डोळा उघडता येत नाही, ती माशाला काय डोळा देणार? ड्रॅगन होड्यांच्या सणापर्यंत डोळा स्वच्छ राहिला नाही, तर मी धागे रंगवायला रंगखान्यात जायचं. तिथून परत मागावर कुणी आलेली नाही. रंगखाना वाईट आहे असं नाही, बाबा. पण मी त्यासाठी घर सोडलेलं नाही आणि मी जाणार नाही.

दोरा बांधला होता. पण त्याच बोटाच्या आधाराने सुई धरते, म्हणून सोडला. आजीला सांगू नका म्हणणार होते, पण ती वरून बघतच असेल.

बरणी पोचली. वास दाराबाहेर जातो, मुली येऊन हुंगून जातात. रिकामी करून नक्की पाठवीन. येत्या रविवारी मेईशानला आत्याकडे जाते आहे. तिच्या दवाखान्यात रांग लावीन, भाची म्हणून पुढे घुसणार नाही.

आईला नमस्कार, रांजणांना सावली.
आपली सूचिन

मेईशान, २६ मार्च १९८४

ती. दादास वेईफांगचा सा. न. वि. वि. यातली विनंती थोडी आणि विशेष फार आहे.

तुझी लेक रांगेत उभी राहिली, माझ्या शिपायाशी भांडली नाही, यावरून ती आईवर गेली आहे असं दिसतं. नाडी जलद, जीभ लाल, वर पिवळा जाड थर, तोंडाला वास, पोट साफ नाही. आमच्या शास्त्रात पापण्या पचनाच्या ताब्यात असतात. पोटात उष्णता साठली आणि बाहेरचा वारा लागला की ती वर चढते आणि पापणीत वाट शोधते. बंदरावर पोती वाहणाऱ्याची उष्णता घामाने जाते. ही पोर दिवसभर मान वाकवून एका जागी बसते, उशिरा झोपते. तिची कुठून जाणार?

कानाच्या शेंड्याला सुई टोचून थोडं रक्त काढलं. पोरीने हूं की चूं केलं नाही, उलट सुई कोणत्या नंबरची ते विचारलं. शेवंतीच्या कोमट पाण्याचा शेक सांगितला. बांधावर उगवणारी ती पिवळ्या फुलांची, देठ मोडला की दूध निघणारी भाजी उकळून प्यायला दिली. फोड पिळायचा नाही, हे तिला दोनदा आणि तुला इथे एकदा सांगते. सूज गालावर उतरली किंवा ताप आला, तर माझी वाट न बघता मोठ्या इस्पितळात जायचं, हेही.

पण दादा, हे सगळं म्हणजे चुलीवरचं उतू जाणारं भांडं फडक्याने पुसणं झालं. खालचं लाकूड ओढल्याशिवाय ते थांबत नाही. लाकूड कुठलं ते मी तिला विचारलं, तिने सांगितलं, आणि तुला सांगायचं नाही असं वचन घेतलं. मी वचन मोडत नाही. तू सबंध गावाचं ऐकतोस. तुझ्या नि तिच्यामध्ये जो माणूस ये-जा करतो, त्याचं नीट ऐक. डोळा कधी उठतो ते त्याला ठाऊक आहे.

वहिनीला न. माझ्यावर रागावलास तरी लोभात घट होऊ देऊ नकोस.
वेईफांग

चिएनवेई, २ एप्रिल १९८४

चि. सौ. वेईफांग हिस अ. उ. आ. डॉक्टरीणबाईंना वेगळे नाहीत, त्यातच वाटून घ्यावेत.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी खानावळीच्या आचाऱ्याला शिव्या घातल्या. मग वसतिगृहातल्या दिव्यांना. मग चहाच्या दुकानात पंगच्या मागच्या बाकावर पाठ करून बसलो आणि टोपी पुढे ओढली.

तो कुणाला तरी म्हणत होता की यानच्या बरणीचा मला धसकाच बसलाय. मी बरणी पोचवतो, आणि पुढच्या खेपेला पोरीचा डोळा वर आलेला असतो. बाकीच्या मुली बोटभर चाटून पळतात. ही वाटी वाटी भातावर घेते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, तरी खाते, आणि शेवटी वाफवलेल्या पावाने बरणी आतून पुसते. फेकून दे ना, असं तो म्हणाला, तर म्हणाली, काका, बाबा बरणी हुंगून बघतात.

वेईफांग, मी खरंच हुंगून बघतो.

मी खांद्यावर कावड घेऊन गल्लोगल्ली चटणी विकली आहे. रांजणाला कान लावला की आत काय बिनसलंय ते मला कळतं. माझ्या चटणीत खोट आहे असं मी आजही म्हणणार नाही, अर्धा तालुका ती खाऊन धडधाकट आहे. पण माझी पोर अर्धा तालुका नाही. लाकूड मी ओढतो आहे. वचन तू पाळलंस. पोरीला सांग, बापाने स्वतःच्या कानाने ऐकलं.

तुझा दादा

चिएनवेई, ५ एप्रिल १९८४

चि. सूचिन हिस आशीर्वाद, आणि या खेपेला कानउघाडणी बापाच्या वाट्याची.

काल छिंगमिंगला तुझ्या आजीची कबर झाडून आलो. वाटेत बांधावरची ती दुधाची भाजी मुळासकट उपटली. लोकांनी विचारलं, यानसाहेब, धंदा बुडाला का? जिथे मिरच्या वाळायच्या त्या चटईवर ती भाजी आणि शेवंती वाळते आहे. मिरच्यांना कोपऱ्यात सरकवलं. त्या रुसल्या आहेत.

पंगकाका बरणी देतील, ती उघडायला भिऊ नकोस. आत वाळवलेली भाजी, शेवंतीची फुलं आणि पांढऱ्या कंदाचं पीठ आहे. पिठाची पेज सकाळी घ्यायची, दिवा लवकर मालवायचा. मांस, तळण, तिखट बंद. तुझा डोळा बरा होईपर्यंत मीही तिखट सोडलं आहे. कामगार माझ्या वाटीत डोकावतात आणि आईला हळूच विचारतात, मालकांना काय झालंय. पेज भयंकर लागते. आपण दोघं खाऊ.

आधीच्या बरणीत काही उरलं असेल तर उरू दे. ती भरलेली परत आली तर मी खुशाल आहे असं समज. आणि पुढे तुला काही झेपत नसेल तर मला तसं लिही. बापाचं मन राखायला डोळा गहाण ठेवायचा नसतो. होड्यांच्या सणाला अजून वेळ आहे. तू मागावरून उठायचं नाहीस.

तुझा बाबा

छंगदू, ६ जून १९८४

ती. बाबांस शि. सा. न., दोन्ही डोळ्यांनी.

मधे लिहिलं नाही, कारण अर्धवट बातमी लिहायची नव्हती. मे महिन्यात पापणी पुन्हा खाजली. मुलींनी परत न्हाणीघर काढलं. मी त्यांना म्हटलं, यंदा जे बघायचं ते बघून झालं, आता तुमची पाळी. शेक घेतला, काढा प्यायले, अंधार पडताच पांघरूण डोक्यावर ओढलं, आणि रांजणवाडी तोंड न काढता जिथल्या तिथे विरली. आत्या म्हणते, आता पोट तुझ्या बाजूने आहे.

परवा, सणाच्या दिवशी, चूबाईंनी सगळ्यांच्या पापण्या खिडकीपाशी पाहिल्या. माझ्यापाशी जरा जास्त थांबल्या. मग त्यांनी सुई माझ्या हातात दिली आणि माशाच्या रिकाम्या डोळ्यावर बोट ठेवलं. काल संध्याकाळी तो पुरा झाला. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी तो बघतो. मी पलीकडे जाऊन तपासलं.

एक सांगायचं राहिलं. माशाच्या पाठीचा लाल रंग कुणालाच जमत नव्हता. एक भडक, एक मळकट. मी तुमची बरणी रंगखान्यात नेली, तळाशी राहिलेली चटणी उजेडात धरली, आणि हा रंग द्या म्हटलं. तीन वर्षं ऊन आणि दव खाल्लेला. चूबाईंनी विचारलं, हा कुठला लाल? मी सांगितलं, आमच्या घरचा.

म्हणून ती बरणी रिकामी परत येणार नाही आणि भरलेलीही नाही. ती माझ्या मागाशेजारी खिडकीत असते. तुम्ही आता तिखट खा, बाबा. माझ्या वाटणीचंही.

आईला न., आणि पेजेबद्दल मनापासून क्षमा.
आपली सूचिन