बुधवारचे दोन फोन

वॉरनबिल,
१४ मे २०२४

प्रिय नोरीन,

नव्या गावात तुझं बरं चाललं असेल, असं धरून चालतो. इथे मे महिन्यातली नेहमीची थंडी पडायला लागली. शनिवारी आपला फुटबॉल क्लब पुन्हा हरला. रविवारी जिलीच्या कबरीवर जाऊन आलो. तुझी बहीण आज असती तर तिनं मला, तिच्या नवऱ्याला, घरात घेतलं नसतं.

परवा बेकरीत बेव्ह म्हणाली, "केस जिंकलास म्हणे, मर्व्ह! मग तोंड का असं पाडून फिरतोस?" मी पाव घेतला आणि बाहेर पडलो.

काय जिंकलो गं? वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तू खराब मांस शिजवलंस, त्यानं म्हातारी माणसं आजारी पडली, असं मी माझ्या साप्ताहिकात छापलं. तू बदनामीचा दावा लावलास. न्यायाधीशबाई स्पष्ट म्हणाल्या, बातमी खोटी. दोष पाण्याच्या टाकीत होता. पण प्रश्न लोकहिताचा, आणि ती छापणं लोकहिताचं आहे हा माझा समज वाजवी, म्हणून कायद्यानं मला सोडलं. वाजवी कशावरून? तर छापण्याआधी तुझी बाजू विचारायला मी धडपडलो होतो.

कोर्टात माझी साक्ष चालू असताना तुझ्या वकीलबाईंनी खोदून विचारलं होतं, "केव्हा विचारलीत?"

"बुधवारी दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही."

तू मागून ओरडलीस, "अरे मर्व्ह, मी दिवसभर घरीच होते!" तुला गप्प बसवलं. मी खाली मान घालून पाणी प्यायलो.

नोरीन, मी फोन केलाच नव्हता. विसरलो, असंही नाही. रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला. तू "नाही रे" म्हणाली असतीस आणि मला ते पटलं असतं. मग पहिलं पान रिकामं राहिलं असतं.

त्या पानापायी तुझी नोकरी गेली, गाव सुटलं.

आज सकाळी तुझ्या वकीलबाईंकडे हे सगळं शपथेवर लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात जाल, कळतंय ना?" म्हटलं, कळतंय. गुरुवारच्या अंकात पहिल्या पानावर हेच येईल, माझ्या नावानं.

या पत्राला उत्तर देऊ नकोस. पुन्हा सुनावणी लागली तर मात्र ये. या खेपेला तुझ्याकडे बघून बोलेन.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

मर्व्हिन हॉल्डेन