जरीचा काठ

अहमदनगर,
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. जयमाला होती तेव्हा घरची पत्रं तीच लिहायची, मला सुचत नाही. आम्ही दोघं बरे आहोत. मला आता भाकरी जमते, फक्त कडा फाटतात. कृपा त्या काढून बाजूला ठेवते आणि मगच जेवते. शाळेत हेडबाईंनी तिचा वर्ग बदलून दिला, घंटेपासून लांबचा. आता ती मधूनच पळून घरी येत नाही. गणितात तर बरीच पुढे आहे.

तू लिहिलंस, ‘जयमाला पोरीला हळवी हळवी म्हणत राहिली आणि डॉक्टर म्हणतात ऑटिझम. दोन्ही कसं खरं असेल? हळवी पोर आईच्या मातीला रडली नसती का?’ मलाही तेच वाटत होतं. म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना मी तुझ्याच शब्दांत विचारलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक हळवं मूल असं नसतं. नुसत्या हळव्या मुलालाही गोंगाट सोसत नाही, पण समोरच्याच्या मनातलं ते बहुधा चटकन ओळखतं. कृपाला आवाज, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतो, आणि वर माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. म्हणून माया नाही, असं मात्र नाही. जयमालाचा शब्द चुकीचा नव्हता, अपुरा होता.

मग बाईंनी कृपाला आईबद्दल विचारलं. खिडकीच्या गजांकडे बघत ती म्हणाली, “आईला जर टोचते. आत्याने जरीची साडी नेसवली. मी काठ आत दुमडत होते, तर आत्याने हातावर मारलं.” ताई, तुला आठवत असेल. पेटीचं झाकण लावायच्या आधी ती जयमालाच्या गळ्याशी सारखा हात नेत होती, आणि बायका म्हणाल्या, मेलेल्या आईशी खेळतेय बघा, काळीजच नाही पोरीला. तू तुझी ठेवणीतली साडी जयमालाला दिलीस, हे मी विसरणार नाही. पण तिला खरंच जर सोसायची नाही. लग्नातसुद्धा तिने काठाखाली रुमाल घातला होता. एवढ्या रडणाऱ्यांत ते एकट्या कृपाला सुचलं.

परत येताना एसटीत मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसलो. कृपाने विचारलं, “पप्पा, वाचताय की रडताय?” रडतोय म्हटलं. तिने पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा बाहेर बघत बसली. मला बरं वाटलं.

तू खटपट करून जानेवारीपासून वसतिगृहात तिच्यासाठी जागा मिळवलीस. ती सोडून दे, हे सांगायला आज बसलो. माझी ओढाताण होऊ नये म्हणून तू केलंस, ते कळतं. तू लिहिलंस की कुठेही ठेवली तरी तिला फरक पडणार नाही. पडतो, ताई. ती माझ्याजवळ राहील. नाताळला मात्र तू नक्की ये, येण्याचा दिवस आधी कळव. दारातच ती विचारेल, “आत्या, तू रागावलीस का?” उद्धटपणा समजू नकोस. तुझ्या तोंडाकडे बघून तिला कळायचं नाही. रागावली असशील तर तसं सांग, आणि नसशील तर तेही सांग.

तुझाच,
नोहा