मातीच्या भिंतीची फेरचाचणी

दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
यंत्राधारित मातीघर प्रायोगिक योजना, चाकण

विषय : अंगणवाडीच्या खोलीसाठी माझ्या ठोकणी यंत्राची फेरचाचणी घेण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. १२ नोव्हेंबरचा तक्रार अर्ज.

महोदय,

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. फाउंड्रीत वाळू ठोकायला हवेवर चालणारा रॅमर असतो, त्यावरून मी फळ्यांमध्ये माती थराथराने ठोकून भिंत उभी करण्याचे यंत्र तयार केले आहे. हाताने एक मीटर भिंतीला चार माणसांचा पूर्ण दिवस जातो. माझ्या यंत्राने दोन माणसांना एक तास पन्नास मिनिटे लागली. श्री. निरंजन पडवळ यांच्या यंत्राला दोन तास पस्तीस मिनिटे लागली. तरीही ११ तारखेच्या चाचणीत त्यांची भिंत उभी राहिली आणि माझी, फळ्या काढताच, थराथराने सुटली. अंगणवाडीचे काम कोणाला द्यायचे हे १ डिसेंबरला ठरणार आहे.

१. संदर्भीय अर्जात मी "घातपात" असे लिहून संशय श्री. पडवळ यांच्यावर घेतला होता. तो मजकूर मागे घेते. १४ तारखेला थरांमध्ये मला पांढरी पावडर सापडली. साच्याचे दोन भाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फाउंड्रीत ती भुरभुरतात. माझे वडील श्री. साहेबराव शिरसाट एकतीस वर्षे भोसरीच्या फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे कारागीर, आहेत. चाचणीला तेच मदतीला होते. सवयीने प्रत्येक थरावर त्यांचा हात फिरला. यंत्राचा दोष नाही.

२. श्री. पडवळ सर्वांसमक्ष म्हणाले, "दीक्षा, भिंत बांधलीस की खारी भाजलीस?" याची नोंद व्हावी. त्यांचे यंत्र केशरी रंगाचे असून त्यावर त्यांचे नाव दोन ठिकाणी आहे. रंगाला गुण दिले असल्यास कळवावे. त्यांच्या मातीत ढेकळे माझ्यापेक्षा कमी होती, हेही मी मोजले होते. तक्रारीत लिहिले नव्हते.

३. चाचणीनंतर वडिलांनी श्री. पडवळ यांच्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि ते म्हणाले, "पोराचा हात बसलाय." माझ्या कामाबद्दल ते असे कधी बोललेले नाहीत. आता श्री. पडवळ त्यांना "काका, जरा बघून जा" म्हणून बोलावतात आणि शिफ्ट सुटली की ते थेरगावला घरी न येता त्यांच्या शेडवर जातात. एका स्पर्धकाने दुसऱ्याचे वडील वापरणे नियमांत बसते काय, याचा खुलासा व्हावा. नियमावली मी तीनदा वाचली; उल्लेख नाही.

सबब विनंती की, १ डिसेंबरपूर्वी फेरचाचणी मिळावी आणि त्या दिवशी श्री. साहेबराव शिरसाट यांनी माझ्या यंत्रावर हजर राहावे, असे पत्र आपल्या कार्यालयातून त्यांना जावे. रॅमर कुठे थांबवायचा हे त्यांना आवाजावरून कळते. मला अजून मोजावे लागते.

हे मी घरी सांगू शकले असते. परंतु पावडर सापडली त्या दिवशी मी श्री. पडवळ यांच्या शेडवर जाऊन, चार लोकांत, वडिलांना "तुमच्यामुळे गेलं सगळं" असे म्हणाले. तेव्हापासून आमच्यात बोलणे नाही. पत्र कोणी मागितले असे त्यांनी विचारल्यास माझे नाव सांगण्यास हरकत नाही.

आपली नम्र अर्जदार,
दीक्षा साहेबराव शिरसाट
थेरगाव

सोबत :
१. वेळेचा व ढेकळांचा तक्ता
२. पावडरीचा नमुना (पुडीत)
३. श्री. साहेबराव शिरसाट यांचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट