सात जणींचा एक दम

१० नोव्हेंबर, सोमवार

आज दहावीच्या वर्गात माझीच दांडी उडाली! इंग्रजीतली समूहवाचक नामं शिकवत होते. फळ्यावर 'टीम' लिहिलं आणि रुबाबात सांगितलं — सगळे मिळून एकच काम करत असतील तर 'इट्स', जो तो आपापलं करत असेल तर 'देअर'. कॉलेजपासून तोंडपाठ आहे मला. तर मागच्या बाकावरून आकांक्षा उठली. "मॅडम, आमची कबड्डीची टीम ह्यात कुठं बसती? चढाईला मी एकटी जाते. मेले तर एकटीच मरते. पर मला जिवंत बाकीच्याच करतेत."

मेले? जिवंत? काही कळेना. "उद्या सांगते," म्हणाले. शिक्षकांचा हुकमी एक्का!

१२ नोव्हेंबर

खेळाचे सर बदलून गेले, तेव्हापासून कबड्डीच्या सात मुली माझ्या गळ्यात आहेत. पुढच्या बुधवारी जालन्याला जिल्हा स्पर्धेला न्यायचं, एवढंच काम. मी जालन्याचीच, पण कबड्डी कधी धड पाहिलेली नाही. आज शाळा सुटल्यावर वह्या घेऊन मैदानाच्या कडेला बसले. एकही वही तपासली नाही!

आकांक्षा बाद झाली, रेषेबाहेर जाऊन बसली. मला वाटलं, संपलं तिचं. तेवढ्यात स्वराने — वर्गात हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही — समोरचीचा घोटा धरला, बाकीच्या तुटून पडल्या, आणि आकांक्षा ताडकन उठून आत! समोरची एक बाद झाली की आपली एक जिवंत. नियमच आहे तसा! मेलेलीने नुसतं बसून राहायचं, उठवायचं काम दुसरीचं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? बसमध्ये त्याच विचारात माझा थांबा मागे राहिला.

१३ नोव्हेंबर

आकांक्षा स्पर्धेला येणार नाही! बाप नको म्हणतोय.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आले. तिचे वडील, कल्याणभाऊ, अंगणातच भेटले. "कापूस फुटून राह्यलाय मॅडम. माणसं भेटनात. वेचणी काय कबड्डीसाठी थांबती का?" आकांक्षाची आई साळूबाई चहा देऊन आत गेल्या. आकांक्षा भांडी घासत होती, एकदाही वर पाहिलं नाही. एकच ताट किती वेळ घासत होती पोर! कापूस खरंच पांढराशुभ्र फुटला होता. फार वाईट वाटलं.

१४ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत मुलींचं कोंडाळं. काहीतरी खुसफुस. मी गेले की सगळ्या गप्प!

१६ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस होता!

काल स्वराने हळूच विचारलं, "मॅडम, उद्या आकांक्षाच्या शेतात इर्जिक हाय. येता का?" एकाच्या शेतात सगळ्यांनी बिनमजुरीने कामाला जायचं, शेतवाल्याने जेवू घालायचं आणि पुढे ज्याच्या-त्याच्या शेतात जाऊन ते फेडायचं. जुनी रीत. मला वाटलं होतं, आता कोण करतंय! उन्हं वर यायच्या आत साऱ्या मुली बांधावर हजर. कल्याणभाऊ बघतच राहिले. "हे काय लावलं गं पोरींनो?"

"इर्जिक हाय काका. जेवायला घाला, झालं."

आलेली इर्जिक परत लावत नाहीत. ते बाजूला झाले.

एकेकीने एकेक ओळ धरली. बोंडांची टोकं बोटांत घुसतात, हे मला कुठं ठाऊक! मी मागे पडले. मग बघते तर माझ्या ओळीतली अर्धी बोंडं आधीच रिकामी. एका बाजूने स्वरा, दुसऱ्या बाजूने आकांक्षा, आपलं वेचता वेचता माझंही वेचत होत्या. आम्ही सगळ्या एकदमच दुसऱ्या बांधाला पोचलो. मला भरून आलं. खरंच!

बक्षीस म्हणून चॉकलेटं नेली होती मी. मुली माझ्याकडे अशा बघायला लागल्या की पिशवी तशीच परत आणली. इर्जिकीत बक्षीस नसतं. पिठलं-भाकर असते, आणि साळूबाईंच्या हातची असली तर आणखी काही नको.

१७ नोव्हेंबर

कापूस वेचून झाला, तरी बाप नाहीच म्हणतोय! आकांक्षा म्हणाली, "कापसाचा बहाणा होता मॅडम. परगावी पोरगी धाडायला जीव घाबरतोय त्यांचा."

आणि दुपारी कल्याणभाऊ स्वतः शाळेच्या फाटकात. "तुम्ही इर्जिकीला आल्त्या. पोरींचं आम्ही फेडू, त्यांची शेतं हायेत. तुमचं काय काम असंल ते सांगा. बिलकुल उसनं ठेवत न्हाई मी."

माझं कसलं शेत? गॅलरीत दोन कुंड्या! नाही म्हणणार होते. मग एकदम सुचलं.

"आहे की काम. बुधवारी, जालन्यात. सात मुली सांभाळायच्यात, मी एकटी आहे. अख्खा दिवस लागेल."

"सात?"

"सात."

बोटांवर मोजत सातव्यापाशी थांबले. मग म्हणाले, "मंग गाडी किती वाजता?"



१९ नोव्हेंबर, बुधवार

उपांत्य फेरीत हरलो. तरी आज झोप लागणार नाही इतका आनंद झालाय.

कल्याणभाऊ दिवसभर पाण्याचा कॅन धरून रेषेजवळ उभे. त्या सामन्यात आकांक्षा सुरुवातीलाच बाद झाली. "आता?" घाबरून मला विचारतात.

"आता स्वराने कुणाला तरी पकडलं, की आकांक्षा आत."

"आकांक्षानं काय करायचं मंग?"

"तिच्या हातात काही नाही."

समजायला थोडा वेळ लागला. मग अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "धर स्वरा! धर माय, सोडू नको!" पुढे तर एकेकीच्या नावाने. सातही नावं पाठ! आकांक्षा आत आली तरी ओरडणं थांबलं नाही, स्वराचंच नाव चालू. मी सामना सोडून त्यांच्याकडेच बघत होते. माणसाला असं एका दुपारीत मोठं होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आकांक्षाला तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. पुस्तकातला नियम पाठ आहे तसा.

२१ नोव्हेंबर

सकाळी शाळेत पोचले तर मैदानावर कल्याणभाऊ एकटेच, कमरेत वाकून पांढऱ्या फक्कीने कबड्डीच्या रेषा आखत होते. मला पाहून म्हणाले, "हे इर्जिकीत धरू नका, मॅडम."