रेहानाचा भरलेला डबा

ती. खंडेरावदादा,

वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धीच वाकते, उरलेला नमस्कार मनातून.) वहिनींची शुगर आटोक्यात असेल आणि विंचूरला कांद्याचा भाव तुमच्या मनासारखा असेल, अशी आशा करते, पुढचं पत्र तुम्ही कसं वाचाल ते त्या भावावर आहे.

इकडे पाथर्डी फाट्याला आमच्या गल्लीत काबूलहून परागंदा झालेलं कुटुंब आलंय. शौकत, त्याची बायको रेहाना आणि दोन मुली. बरीच वर्षं दिल्लीत काढली, आता शौकत इथे बेकरीत लागलाय. आमच्या भिशीच्या बायकांनी ठरवलं, निर्वासित माणसं आहेत, आधार द्यायचा. रोज एका घरातून डबा जाईल. (ठराव एकमताने. आमच्या भिशीत असं पहिल्यांदाच घडलं.)

पहिला डबा माझा, शेवभाजी-भाकरीचा. संध्याकाळी परत आला तो गाजर-मनुकांच्या पुलावाने गच्च भरून. हे कशाला, म्हटलं, तर रेहाना म्हणते, "आपा, ख़ाली बर्तन कैसे लौटाएँ?" हे तर आपल्या आईचंच बोलणं! मग शेजारच्या लताबाईंनी ईर्षेने मोठा डबा पाठवला. तोही शिगोशीग भरून परत. लताबाईंचे मिस्टर तर रोज सकाळी विचारायला लागले, आज आपलाच डबा जाणार ना? आधार कोण कुणाला देतंय तेच कळेना.

परवा तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर तांदळाच्या डब्याचा तळ दिसत होता. दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही मदतीच्या नावाखाली त्यांचे तांदूळ संपवत होतो! तेव्हापासून आम्ही पत्रावळीवर जेवण पाठवतो, म्हणजे परत करायला भांडंच नको. तर ही बाई वर्तमानपत्रात गुंडाळून गरम नान पाठवते. मला रडू आलं. (नान खाल्ला.)

आता त्यांच्या घरमालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितलीय. आम्ही सगळ्या घरं शोधतोय. फोनवर लोक गोड बोलतात, पण नाव सांगितलं की घर कालच गेलेलं असतं. जागा मिळाली नाही तर पुन्हा दिल्ली. शौकतची नोकरी जाईल, मुलींची शाळा सुटेल. मला रात्रंदिवस तेच दिसतं.

असो. तब्येतीला जपा.

तुमची धाकटी,
मालन

ता. क. तुमचा इथला फ्लॅट बंदच आहे. "देईन तर आपल्या माणसांनाच" असं तुम्ही म्हणाला होतात. ज्यांच्याशी डब्यांची देवाणघेवाण चालते ती आपली नाहीत तर कोण? भाडेकरू म्हणून पोलिसांत कळवायचे कागद आमचा अमोल बघेल.

आणखी एक ता. क. तुमची एक किल्ली माझ्याकडे असते, म्हणून सहज झाडून घेतलं. मग पडदेही लावले.

शेवटचा ता. क. अमोलबरोबर हे पत्र आणि एक डबा पाठवतेय. त्यातली बदामाची बिस्किटं रेहानाने तुमच्यासाठी केलीत. डबा तिचा आहे, आणि तो रिकामा परत करायचा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडची दुसरी किल्ली त्यात व्यवस्थित बसते. मी माझी घालून पाहिली.