त्याच्या तोंडात घास भरवताना

आई, आज पेणच्या बाजारात एका म्हातारीला एका म्हाताऱ्याचं तोंड पदराने पुसताना पाहिलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

रोह्यातली आपली चाळ आठवते. बाबा कंपनीतून सायकलवर परत येत होते आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाने दारू पिऊन टेम्पो त्यांच्या अंगावर घातला. बाबा जागीच गेले. साक्षीदार फिरले, तो सुटला. पुढे त्याची बायको माहेरी निघून गेली, त्याला लकवा झाला आणि तो एकटाच खाटेवर पडून राहिला. एका दुपारी तू मऊ भात आणि आमटी घेऊन त्याच्याकडे निघालीस. मी दारात आडवी उभी राहिले.

"तुला त्याची दया येते?"

"नाय गो. त्याला बघितला की अंगात आग पेटते माझ्या."

"मग कशाला जातेस?"

"प्रभूने सांगितलाय म्हणून. लहान होते तेव्हा देव शिक्षा करील म्हणून ऐकायचे. आता तसा नाय. माझी माया प्रभूवर हाय. ज्याच्यावर माया, त्याचा शब्द कसा मोडू? सरक."

मी सरकले. त्यानंतर तू रोज जात राहिलीस. एकदा तू भरवलेला घास त्याने तुझ्याच तोंडावर थुंकला आणि बाबांच्या नावाने शिवी दिली. तू तोंड धुतलंस, परत खाटेशी बसलीस आणि उरलेला भात भरवलास. चर्चमध्ये प्रार्थनेला पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं, तेव्हा घरी येऊन तू भांडी आदळलीस. "माझ्या मनात काय चाललाय ते त्यांना काय ठाव?" म्हणालीस. तुला इतकी दमलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग तुझंच दुखणं आलं. शेवटी आवाज खोल गेला होता, तरी म्हणालीस, "त्याचा डबा चुकवू नको." तुला मातीत ठेवून आलो आणि संध्याकाळी मी भात घेऊन त्याच्या खोलीत गेले. तो दाराकडेच बघत होता.

"ती कुठे हाय?"

"गेली."

त्याने तोंड उघडलं, आणि मी घास भरवला.

तो मरेपर्यंत मी जात होते. त्याने माफी मागितली नाही. माझ्याही मनातलं काही वितळलं नाही. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी आईसारखीच प्रभूवरच्या विश्वासात वाढली. मी मान खाली घालायचे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी प्रभूसाठी एकदाही गेले नाही, आई. तू सांगितलंस म्हणून गेले. तुझी प्रभूवर होती तशी माया माझी अजून जडलेली नाही.