भत्ता आधी कुणाचा

२ मार्च
काल महेशचा पुण्याहून फोन. त्याच्या बिल्डिंगमधला तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय. "आई, तुम्ही दोघं आता इकडंच या. मालकाला महिनाअखेर सांगायचंय." ह्यांचं लगेच हो. माझं लगेच नाही. आज स. चहाला विषय परत निघाला. आवाज चढायला लागले तेवढ्यात हेच म्हणाले, "भांडायचं कशाला? यंदाचा शब्द भत्त्यावर."
"व्हय, भत्त्यावर!" म्हणून बसले. आता दिवसभर तोच विचार. बोलून गेले खरी.

३ मार्च
नियम ह्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतले. नंतर गडबड नको. हे झेडपीचे मास्तर, सगळी नोकरी पलीकडं कागल तालुक्यात, म्हणून पेन्शन महाराष्ट्राची. मी इथल्या, निपाणीच्या सरकारी मराठी शाळेची बाई, पेन्शन कर्नाटकाची. एका छताखाली दोन सरकारं! महागाई भत्ता दोन्हीकडं वाढतो, पण कधी ह्यांचा आधी, कधी माझा. ज्याचा आधी जाहीर होईल, त्याचा घरातल्या एका गोष्टीत शेवटचा शब्द. दिल्लीचा भत्ता धरायचा नाही. फिरवाफिरवी नाही.
रिटायर झाल्यापासून हे चाललंय, गंमत म्हणून. पहिल्यांदा हे जिंकले तर दर्शनी भिंत पोपटी करून घेतली. अजून रिक्षावाले "पोपटी घर का?" विचारतात. मी जिंकले तेव्हा गोकर्णाला नेलं ह्यांना. मागच्या वेळी परत मी, ह्यांची तपकीर बंद केली. (बंद म्हणजे आता माझ्यासमोर ओढत नाहीत.)
यंदा घरच पणाला.

६ मार्च
संकेश्वरी मिरची आणली. गच्चीवर वाळत टाकली. रंग बघून जीव हरखला. शेजारची शकूआक्का देठं काढू लागायला आली. ही आमच्या सरकारी दवाखान्यातली रिटायर नर्स, पेन्शन माझ्यासारखीच बेंगळूरची.
म्हणाली, "बाई, एवढी मिरची? पुण्याला गेलासा तर कोण खाणार हाय?"
"जातंय कोण!"
पण हात थांबला. वर्षाची चटणी करायची ती जिथं वर्ष काढायचं तिथली. सून गुणाची आहे, पण तिला चटणी चिमटीभर लागते. तरी पिशवी परत बांधली नाही. सगळी वाळत टाकली. होऊ दे.

८ मार्च
मला का जायचं नाही ते लिहून ठेवते, उद्या ह्यांनी बोलण्यात गुंडाळलं तर आठवायला. गेल्या वर्षी तीन आठवडे राहिले तिथं. कुणी वाईट वागलं नाही. पण फोन केल्याशिवाय कुणी दारात येत नाही. लिफ्टमध्ये "लई गरम होतंय न्हाय?" म्हटलं तर एक बाई माझ्या बोलण्याला हसली. एकतीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलंय मी! तिथं मी पाहुणी होते, मुलाच्या घरात. इथं बाजारात गेले की भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. मी इथं बाई आहे. बस्स.

११ मार्च
दिल्लीचा झाला! धरायचा नाही. पण आता दोन्हीकडचा कधीही होईल. दुपारभर हे मराठी बातम्या लावून टीव्हीपुढं, रिमोट मांडीखाली. मी देवापुढं. गणपतीला सांगितलं, बाबा, जरा बेंगळूरकडं बघ.
रा. जेवताना ह्यांना चिडवलं, "तुमचं सरकार घड्याळ बघून काम करत न्हाय, कॅलेंडर बघून करतंय." हसले. भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

१५ मार्च
झाला!!! झाला झाला झाला!
हे सकाळीच कागलला गेलेले, जुन्या मास्तरांना भेटायला. मी गच्चीवर मिरची हलवत होते. शकू भिंतीपलीकडून ओरडली, "बाईऽऽ, भत्ता झाला! पेन्शनवाल्यांचा बी झाला! टीव्हीवर सांगालेत!" मी तशीच, मिरचीचे हात, खाली. डोळ्याला हात लागला, आग आग. रडत हसत होते. शकू म्हणाली, "हे आनंदाचं का मिरचीचं?" दोन्हीचं गं!
बसस्टँडजवळून गरम जिलेबी आणली. अख्ख्या गल्लीत वाटली. महेशला फोन: "तुझ्या मालकाला सांग, आमचं काय येणं होत न्हाय." तो म्हणाला, "आई, घाई नको. महिनाअखेरपर्यंत थांबतोय तो." थांबू दे बापडा.
हे दु. आले. दारातच ओरडले मी, "माझा झाला आधी!" जरा वेळ बघत राहिले माझ्याकडं. मग चपला काढल्या, दोन जिलेब्या खाल्ल्या. म्हणाले, "छान झालं. गरम हाय अजून." एवढंच. हरले की असे गप होतात.
माझं घर राहिलं! पोपटी भिंतीला पण हात फिरवून आले.

१६ मार्च
काय करू मी आता.
हिरेमठ सरांना जिलेबी द्यायची राहिलेली. हायस्कूलचे रिटायर, कोपऱ्यावर राहतात. डबा घेऊन गेले. त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी हातात धरून विचारलं, "काय विशेष मॅडम?" भत्ता म्हटलं. तिसरी परत डब्यात ठेवली.
"इदु महाराष्ट्रद्दु, मॅडम. नम्मदल्ला."
आमचा नव्हे! महाराष्ट्राचा! शकूनं मराठी चॅनेलवर बघितलं. आम्ही सगळेच तेच बघतो, बातम्या मुंबईच्या, पेन्शन बेंगळूरची. आणि आपलंच सरकार बोलतंय असं समजून बसतो. शकूचं ठीक आहे. मी बाई असून एकदा बटण दाबून बघितलं नाही.
म्हणजे आधी ह्यांचा झाला. ह्यांच्या विजयाची जिलेबी मी वाटली गल्लीभर, आणि ह्यांनाच चारली.
घरी आले. हे वाती वळत बसलेले (माझं काम, पण मन लागत नसलं की वळतात). काही बोलले नाहीत. अजून कळलेलं दिसत नाही!

१७ मार्च
ठरवलं. ह्यांना कळायच्या आत बेंगळूरचा झाला तर कुणाचा आधी ते कोण बघणार? खोटेपणा आहे, माहीत आहे. पण माझ्या घरासाठी करतेय.
स. पेपर आला तसा मिरचीखाली अंथरला. टीव्हीला कन्नड चॅनेल लावून रिमोट पिठाच्या डब्यात. शकूला तंबी. ती तर माझ्यापेक्षा रंगात! "बाई, मास्तरांचा मोबाईल पण पाण्यात टाकू का?" नको म्हटलं.
हिरेमठ सरांना विनंती केली. ते गंभीरपणे म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. जिलेबी छान होती."

१९ मार्च
पेपर कुठाय विचारतच नाहीत! एरवी उशीर झाला तर पेपरवाल्या पोराच्या घरी माणूस धाडतील. कन्नड बातम्या बघत बसतात निवांत. आज म्हणाले, "ही निवेदिका चांगली बोलतिया." कन्नड ह्यांना भाजीपुरतंच येतं.
मला हसूही येतंय, घामही फुटतोय. तुट्टी भत्ते, तुट्टी भत्ते (कन्नडमधला महागाई भत्ता), हाच जप चाललाय माझा. जाहीर करा की रे!

२२ मार्च
मिरची कडकडीत वाळली. खोबरं, तीळ, धणे भाजले. लसूण शकूनं सोलला. घरभर ठसका. हे शिंकत गच्चीवर गेले, तिथनं ओरडले, "अगं, दम लागला तर बस जरा! सगळं आजच कराय पायजे असं न्हाय!"
असं ते हल्ली फार म्हणतात.

२४ मार्च
आला!!! खरा! हिरेमठ सरांचा फोन, "मॅडम, ईग बंतु नोडि, नम्मदु!" तीनदा विचारलं, "नक्की आपलाच ना सर?" त्यांनी कन्नड बातमी वाचून दाखवली, वर मराठीत अर्थ सांगितला. मी त्यांच्या वर्गात बसल्यासारखी व्हय व्हय करत होते.
आणि ओरडता येईना! माझा तर नऊ दिवसांपूर्वीच 'झालाय'. हे बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघराचं दार लावून मी आणि शकू गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि तोंडाला पदर लावून हसलो. शकूनं एक गिरकी पण घेतली, साठीपलीकडची बाई. एवढा खरा आनंद आणि चोरून खायचा!
सुटले. घर राहिलं.

२६ मार्च
डंकावर चटणी कुटून आणली. लालभडक. बरण्या भरल्या, फडकी बांधली. सगळ्या इथल्याच.

२८ मार्च
दु. कागलचे दत्तू गुरुजी आले. ह्यांचे नोकरीतले सोबती, बोलायला लागले की थांबत नाहीत. हे दूध आणायला गेलेले. मी पोहे टाकले.
"वहिनी, मास्तरांनी पंधरा तारखेला काय पेढे वाटले ओ! स्टँडवर कंडक्टरला पण दिले. म्हणाले, माझा आधी झाला, आता हिला पुण्याला न्हेतो."
मी कढईजवळच थांबले. विचारलं, "कधी? सकाळी?"
"सकाळीच की. भत्त्याचं आम्हाला घरातनं फोन आलते. निपाणीची गाडी पकडताना तर पोरागत उड्या मारालते."
म्हणजे ह्यांना माहीत होतं. जिंकून, पेढे वाटून आले होते, मला सांगायला. आणि दारात मी. डोळे लाल, हातात जिलेबी, माझा झाला म्हणून ओरडतेय.
पोहे करपले. दत्तू गुरुजींनी तेही खाल्ले.

२९ मार्च
झोप नीट नाही. म्हणजे पेपर मागितला नाही तो मुद्दाम. कन्नड निवेदिका पण मुद्दाम! मी लपवतेय, हे बघतायत, आणि मला लपवू देतायत. राग आला आधी. मग खूप हसू आलं. मग रडू.
शकूला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "बाई, एक बोलू? दिवाळीत तुम्ही न्हाणीत चक्कर येऊन पडलासा ते तुम्हाला आठवत न्हाय नीट. मास्तर मला बोलवाय आलते, तर भिंतीला धरून उभं होते. गुडघ्यानं वाकता येईना, तुम्हाला उचलता येईना. मला म्हणाले, शकू, मी हिच्या काय उपयोगाचा न्हाय गं आता. पुण्यात पोरगा तरी हाय."
दिवाळीपासून हे एकदाही त्याबद्दल बोलले नाहीत. मला वाटलं नातवासाठी पुणं पाहिजे. मला वाटलं निपाणीचा कंटाळा आला. नुसतं पुणं पुणं करत राहिले, कारण सांगितलं असतं तर मी घाबरले असते, किंवा चिडले असते. चिडलेच असते.
आणि मग माझं तोंड बघून तेही सोडून दिलं. दोन जिलेब्यांबरोबर.

३० मार्च
दिवसभर ह्यांच्याकडं बघत होते. जिना चढताना कठड्याला धरतात, मी बघतेय कळलं की सोडतात. मी न्हाणीत गेले तर हे बाहेर खोकत उभे, उगाच. कधीपासून हे असं? इतके दिवस मी फक्त बेंगळूरकडं बघत होते.
जायचं म्हटलं तर नको वाटतं. वाटतंच, खोटं कशाला लिहू. शकू नाही, बाजार नाही, बाई म्हणून हाक नाही. पण ह्या माणसाला परत भिंतीला धरून उभं राहायला लावायचं, आणि तेही मी बाजी मारली म्हणून?
मारली पण नाही.

३१ मार्च
पहाटे उठून पेपर आला तसा ह्यांच्या हातात दिला. टीव्हीचा रिमोट पिठाच्या डब्यातून काढून, पुसून, टीपॉयवर ठेवला. हे रिमोटकडं बघत बसले. त्यावर पीठ होतं अजून.
महेशचा फोन: "आई, आज मालकाला काय सांगू?"
"थांब जरा," म्हटलं. फोन तसाच चालू, पालथा ठेवला.
"अहो, दत्तू गुरुजी आलते परवा. तुम्ही दूध आणाय गेलतासा तेव्हा."
"बरं."
"पेढे कुठल्या दुकानातले होते?"
ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला. मग कागद थरथरायला लागला. हसत होते. मीपण. डोळे पुसत पेपर खाली केला, आणि माझ्याकडं बघितलं.
"तुमचा आधी झालता," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम. सांगा, यंदाचा शब्द काय?"
"गल्लीनं जिलेबी तुझी खाल्लीया."
"ते सोडा. न्हाणीत धरायला दांडी बसवायची का पुण्याला जायचं? खरं सांगा. माझं तोंड न बघता."
ह्यांनी पेपरची घडी केली. बाहेर बरण्यांवर ऊन आलं होतं. फोनमधून महेश हळूच, "आप्पा?"
हे म्हणाले, "आधी चहा टाक. दोघांचा. यंदाचा शब्द पण दोघांचा."
टाकलाय. उकळतोय.